उपळसरीची बाटली

“आणि हे कशाला?” रहेमशा बाबांनी विचारलं.

बाबांच्या हातात काळ्या जाड कागदाचं वेष्टण होतं. त्याच्या कडेला केसाएवढी बारीक सोनेरी रेघ होती. ती रेघ सरळ यावी म्हणून छापखान्यात तीन दिवस गेले होते.

“ते वरचं आवरण,” डॉ. मोरेश्वर घांगुर्डे म्हणाले. “खोक्यावर चढवायचं.”

“आणि खोकं?”

“बाटलीवर.”

“आणि बाटली?”

“सरबतावर… म्हणजे, सरबतासाठी.”

“हां,” बाबा म्हणाले आणि त्यांनी वेष्टण चटईवर बाजूला ठेवलं.

पिंपरखिंडीच्या माथ्यावर, जुन्या घाटरस्त्याच्या वळणाला, रहेमशा बाबांचा तकिया आहे, फकिराचं साधं ठिकाण. एक कडुलिंब, पत्र्याची एक पडवी आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेले पाच रांजण. चैत्र लागला की या रांजणांत बाबा उपळसरीच्या मुळांचं सरबत करून ठेवतात. मुळं स्वतः डोंगरातून खणून आणतात, ठेचतात, रात्रभर भिजत घालतात, सकाळी गाळतात. मग दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत लांब दांड्याच्या तांब्याच्या ओगराळ्याने ओततात. याला चाळीस उन्हाळे झाले. हे काय आहे, असं बाबा कुणाला आपणहून सांगत नाहीत. कसं आहे, असं कुणाला विचारत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी रेवती दाभाडे यांची गाडी त्या वळणाला तापून बंद पडली. त्यांनी ओंजळभर सरबत घेतलं, आणखी ओंजळभर घेतलं, आणि गाडी थंड व्हायच्या आत ठरवलं की हे बाटलीत भरून मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत पोचवायचं. बाबांनी कृती लपवली नाही, बदल्यात काही मागितलंही नाही. अट घातली ती एकच.

“बाटली मला दाखवा. मनात भरली तर माझं सरबत तिच्यात जाईल. नाही तर नाही.”

दोन नामांकित डिझायनर येऊन गेले. बाबांनी दोघांना सरबत पाजलं, दोघांच्या बाटल्या पाहिल्या आणि दोघांना ‘नको’ म्हटलं. कारण सांगितलं नाही.

मग रेवतीबाई आपल्या जुन्या गुरूंकडे गेल्या.

घांगुर्डे सर बहात्तर वर्षांचे. देवनागरी अक्षराच्या वळणावर त्यांचा प्रबंध होता, परदेशात शिक्षण झालं होतं, आणि चहाच्या डब्यापासून बामच्या बाटलीपर्यंत त्यांनी घडवलेल्या गोष्टी घराघरांतल्या फडताळांत होत्या. “ही माझी शेवटची बाटली,” त्यांनी रेवतीबाईंना सांगितलं. “होकार घेऊनच येतो. दुपारी जेवायला वाट पाहा.”

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज विद्यार्थ्यांच्या ओळखीचा होता. घांगुर्डे सरांची मान ताठ आहे, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. दुकानात आपण केलेला डबा दिसला की सर तिथून हलत नसत. लांब उभे राहायचे. काहीतरी घेतोय असं दाखवायचे. कोण डबा उचलतं, कोण परत ठेवतं, ते पाहत राहायचे. पन्नास वर्षं. कुणी परत ठेवला की ती रात्र वाया जायची.

आज आल्या आल्या बाबांनी सरांच्याही ओंजळीत सरबत ओतलं होतं. सर ते घाईघाईने प्याले, रुमालाने हात कोरडे केले आणि लगेच पिशवीला हात घातला.

आता बाबांनी खोकं उघडलं. आत झिरझिरीत कागद होता. त्यावर उपळसरीची पानं छापली होती.

“आणि हे?”

“आत काहीतरी जपून ठेवलंय, असं वाटायला.”

“कुणाला?”

“घेणाऱ्याला.”

कागद वेष्टणाशेजारी गेला. त्याखाली दुमडलेली छोटी पुस्तिका होती.

“हे?”

“यात तुमची गोष्ट आहे, बाबा. चाळीस वर्षांची. खिंड, तकिया, मुळं, सगळं. नाही तर लोकांना कसं कळणार की हे साधं सरबत नाही?”

“माझी गोष्ट,” बाबांनी पुस्तिका उलटी धरली, सुलटी धरली. “मला वाचता येत नाही. चांगली आहे?”

“उत्तम आहे.”

“मग बरंय.”

पुस्तिकाही चटईवर गेली. आता बाटली बाहेर आली. हिरवट काच, रुंद खांदे, बारीक मान. बाबांनी ती उन्हाकडे धरली. क्षणभर त्यांचे डोळे बारीक झाले आणि सर पुढे वाकले.

“हे लाल काय?”

“लाखेचं सील. मध्ये कुणी उघडली नाही, हे कळावं म्हणून.”

“हे सोनेरी गोल?”

“ते… दर्जाचं चिन्ह. वस्तू किमती आहे, हे लांबूनच कळावं.”

“आणि हा तांब्याचा बिल्ला? गळ्यात?”

सर थोडे घुटमळले. बाटलीच्या गळ्यात सुती दोऱ्याने तांब्याचा चपटा बिल्ला लोंबत होता. तो पहिल्या आराखड्यात नव्हता. रेवतीबाईंच्या कंपनीतला सव्वीस वर्षांचा एक मुलगा महिन्यापूर्वी नुसतं म्हणाला होता, “सर, अजून थोडं भारी वाटायला हवं.” त्याच संध्याकाळी सरांनी बिल्ला अडकवला.

“तो तुमच्या ओगराळ्याची आठवण,” सर म्हणाले. “तांबं. परंपरा. ते कळावं म्हणून.”

बाबांनी बाटली चटईवर ठेवली. शेजारी वेष्टण, खोकं, कागद, पुस्तिका, सगळं ओळीने मांडलं होतं. हाटात माल मांडावा तसं.

“कळावं म्हणून,” बाबा स्वतःशीच म्हणाले. “किती गोष्टी कळवायच्या आहेत तुम्हाला.”

सरांनी बाटलीच्या गळ्यातला बिल्ला सरळ केला.

“खरं सांगू का सर? बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणाल्या, आमचे सर फार मानी आहेत बरं, सांभाळून बोला. मी सकाळपासून वाट बघतोय.”

“कशाची?”

“त्या मानी माणसाची. ते मागून येतायत का?”

सरांचा चेहरा तांबडा झाला. त्यांच्या मागे कडुलिंब होता आणि रस्ता मोकळा होता.

“बाबा,” ते सावकाश म्हणाले, “मी या कामात पन्नास वर्षं घालवलीत. बाझेलला शिकलोय. त्या गावात अक्षर शिकायला जगातून माणसं जातात. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज चार देशांत विभागप्रमुख आहेत. तुम्ही थट्टा करा, पण हे लक्षात ठेवून करा.”

“केवढं लांब गाव.” बाबांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “तिथलं पाणी कसं आहे?”

“पाणी?”

“गोडं की मचूळ?”

सरांनी आठवून पाहिलं. तीन वर्षं राहिले होते ते तिथे. “लक्षात नाही,” त्यांना म्हणावं लागलं.

“हां…”

रस्त्यावर एक टेम्पो थांबला. आत कांद्याची पोती होती, पण ड्रायव्हर पांढराफेक, कडक इस्त्रीचा सदरा घालून होता. तो उडी मारून खाली उतरला.

“बाबा, द्या लवकर. धाकट्या बहिणीचा साखरपुडा आहे, आणि मालही पोचवायचाय.”

बाबा उठले नाहीत. त्यांनी ओगराळं उचललं आणि दांडा सरांच्या हातात दिला.

“पाजा.”

“मी?”

“एवढं शिकलात. ओतता येईल.”

सर रांजणापाशी गेले. ओगराळं जड होतं, तोल सांभाळावा लागत होता. ड्रायव्हर कमरेत वाकला आणि त्याने ओंजळ तोंडाला लावली. सरांनी ओगराळं तिरकं केलं. धार पडली. ड्रायव्हर गटागट पिऊ लागला.

सर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चेहरा ओंजळीत बुडालेला. त्यावरून काहीच कळत नव्हतं. आवडलं? नाही आवडलं? नुसतंच पितोय?

सरांना राहवलं नाही.

“उपळसरीचं आहे हं,” ते म्हणाले. “रक्त शुद्ध होतं. मुळं याच डोंगरातली. चाळीस वर्षांची परंपरा आहे. चव जरा मातकट लागेल, पण तीच तर—”

बोलणारा म्हातारा, वर शिकलेला. असा माणूस बोलत असताना खाली मान घालून पीत राहणं बरं नव्हे, म्हणून ड्रायव्हरने वर पाहिलं आणि “हो का काका?” म्हणायला तोंड उघडलं.

ओंजळ सुटली. धार थेट सदऱ्यावर. गळ्यापासून पोटापर्यंत एक तपकिरी ओहोळ उतरला.

“अहो काका! पाजताय की भाषण करताय?”

“माफ करा… मला वाटलं, तुम्हाला माहीत असावं…”

“मी दर आठवड्याला पितो हो हे! मला काय माहीत असायचं राहिलंय?” त्याने सदरा पोटापासून लांब धरला. “आता व्याही विचारतील, रस्त्यात कुठं लोळलास म्हणून. बाबा, हे कोण?”

“मोठे आहेत,” बाबा म्हणाले. “पुढच्या वळणावर झरा आहे, धुऊन घे. ऊन आहे, पोचेपर्यंत वाळेल.”

“मोठे आहेत ते दिसलंच,” ड्रायव्हर म्हणाला आणि टेम्पो चालू करून निघून गेला.

सर ओगराळं हातात धरून उभे राहिले. त्यांच्या कानशिलांत ठोके पडत होते.

ते तडक चटईपाशी आले आणि मांडी घालून बसले.

“समजलं,” ते म्हणाले. “समजलं मला. बडबड. बाटलीसुद्धा बडबड करतेय. बरोबर? घ्या.”

त्यांनी पुस्तिका पिशवीत कोंबली. झिरझिरीत कागदाचा बोळा केला. सोनेरी गोल नखाने खरवडायला घेतला. लाखेच्या सीलखाली खिशातल्या चाकूचं टोक घातलं.

“सगळं काढतो. नुसती काच ठेवतो. साधी, कोरी. तुम्हाला तसंच हवंय ना?”

बाबांनी हात पुढे केला आणि सरांचं मनगट धरलं. पकड म्हाताऱ्याची होती, पण मुळं खणणाऱ्या म्हाताऱ्याची.

“घालताना लोकांना भ्यालात,” बाबा म्हणाले. “आता काढताना मला भिताय.”

सरांच्या हातातला चाकू तसाच राहिला.

“मग मी करू तरी काय?”

बाबांनी त्यांचं मनगट सोडलं.

“बाबा, दोन जणांना तुम्ही ‘नको’ म्हणालात. मला तिसरा ‘नको’ परवडणार नाही. मी सांगून आलोय. माझं वय बहात्तर आहे. यानंतर मला कुणी काम देणार नाही आणि मी मागणारही नाही. हे शेवटचं आहे. ते चांगलं झालंय की नाही, एवढंच मला… एवढं तरी सांगा.”

“कुणी येतंय,” बाबा म्हणाले.

घाटाच्या खालच्या अंगाने एक कासारीण चढत येत होती. वयाने सरांच्याच बरोबरीची असेल. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं, पायांत झिजलेल्या चपला. कडुलिंबाखाली आल्यावर तिने गाठोडं अलगद उतरवलं, बांगड्या किणकिणू न देता. ते उतरवणं सरांच्या नजरेतून सुटलं नाही.

बाबांनी ओगराळ्याकडे नुसतं पाहिलं.

सर उठले.

कासारीण वाकली. ओंजळ तोंडाशी आली. सरांनी ओगराळं तिरकं केलं.

या वेळी ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. धारेकडे पाहत होते. धार जाड झाली तर ओंजळीतून उसळेल, बारीक झाली तर घोट तुटेल. बोटांना लय सापडायला थोडा वेळ लागला. मग सापडली. अक्षराची उभी रेघ एका दमात ओढताना हात जसा श्वासाबरोबर चालतो, तसा तो चालू लागला.

बोलायची उबळ आली. घशापर्यंत आली… आणि गिळली गेली.

कासारीण पीत राहिली. थांबली. एक श्वास घेतला.

मग तिने ओंजळ पुन्हा पुढे केली.

सरांनी पुन्हा ओतलं.

शेवटचे थेंब तिने मानेवरून फिरवले, पदराने तोंड पुसलं आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. जाताना दोन पावलं चालून थांबली.

“नवे दिसता,” ती म्हणाली. “हात चांगला आहे तुमचा. धार तुटत नाही.”

आणि वळणाआड गेली.

सर रांजणापाशीच उभे राहिले. त्यांच्या छातीत काहीतरी हललं आणि जागेवर बसलं. त्यांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं नाही.

“तिने विचारलंसुद्धा नाही, काय आहे म्हणून,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“विचारलं असतं तर सांगितलं असतंत.”

“हो.”

“नाही विचारलं.”

“नाही.”

“मग?” बाबा म्हणाले आणि जपमाळेकडे वळले.

सर चटईवर येऊन बसले. बाटली समोर होती. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बाटलीकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ते तिच्याकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहत होते. रेवतीच्या, त्या मुलाच्या, हॉटेलातल्या कुठल्या तरी श्रीमंत गिऱ्हाइकाच्या, आणि आज सकाळपासून बाबांच्या. आता ऊन कडुलिंबातून गळून काचेवर पडत होतं आणि पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी अर्धवट खरवडलेला सोनेरी गोल पुरता काढला. घाई केली नाही. ओल्या बोटाने डिंकाचा डागही पुसला.

मग बिल्ल्याचा दोरा सोडवला.

बिल्ल्यामागे बाटलीचं नाव होतं. ‘उपळसरी’. अक्षरं काचेतच उठावाने आलेली. बिल्ला नेमका ‘ळ’वर लोंबत होता. तो निघाला आणि ‘ळ’ उन्हात आला.

त्या एका अक्षरासाठी सरांनी चार महिने घेतले होते. ‘ळ’ची दोन पोटं ते बरोबरीची काढून बघत, मग अक्षर मेल्यासारखं वाटे. डावं मोठं केलं की अक्षर पडे, उजवं मोठं केलं की फुगे. एका सकाळी, ब्रश हातात घेऊन चहाची वाट बघत असताना, हात आपोआप फिरला. डावं पोट भरलेलं, उजवं नुकतंच भरत आलेलं. सरांनी त्या दिवशी चहा घेतला नव्हता. नुसतेच बसून राहिले होते.

आणि ते अक्षर त्यांनी स्वतःच्या हाताने झाकलं होतं. सव्वीस वर्षांच्या एका मुलाच्या एका वाक्यासाठी.

बाबांनी जपमाळ ठेवली. बाटली उचलली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा खडबडीत अंगठा काचेवरून चालत गेला, ‘उ’वरून, ‘प’वरून, आणि ‘ळ’वर येऊन थांबला. मग ती दोन वळणं सावकाश फिरला. एकदा. पुन्हा एकदा.

“हे कुणाचं?”

“माझं,” सर म्हणाले.

बाबांनी वर पाहिलं.

“सकाळपासून तुम्हाला इतकं विचारलं,” ते म्हणाले. “‘कळावं म्हणून’ नसलेलं उत्तर हे पहिलंच.”

सरांनी बाटली परत घेतली. लाखेचं सील नखाने तपासलं. चाकूने एका कडेला टवका उडाला होता. बाकी सील घट्ट होतं. सरांनी ते तसंच राहू दिलं.

“ते नाही काढत?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“का? मघाशी म्हणालात, लोकांना कळावं…”

“मला तो लाल रंग तिथे आवडतो.”

बाबांच्या पांढऱ्या मिशीचं एक टोक हललं, असं सरांना वाटलं. वाटलं तरी त्यांनी निरखून पाहिलं नाही.

काळं वेष्टण त्यांनी घडी करून पिशवीत ठेवलं. ते परत वापरायचं नव्हतं, पण रेघ सुरेख आली होती. खोकं ठेवलं. पुस्तिका बाहेर काढून बाबांसमोर ठेवली.

“ही तुम्हाला. कुणाकडून तरी वाचून घ्या. गोष्ट खरंच चांगली उतरली आहे.”

“मी म्हटलंच की, बरंय.”

उन्हं डोक्यावर येत होती. खाली गावात रेवतीबाई जेवायला थांबल्या असतील. सर गुडघ्यावर हात देऊन उठले. बाटली खोक्यात ठेवली, खोकं काखेत घेतलं, वाकून बाबांना सलाम केला आणि रस्त्याकडे चालू लागले.

पन्नास पावलांवर त्यांची गाडी उभी होती. दहा पावलं झाली. वीस झाली. पावलं संथ पडत होती. मान ताठ होती. विद्यार्थ्यांच्या ओळखीचीच मान, पण तिच्यात आज ताण नव्हता.

“सर!” मागून हाक आली.

सर वळले.

“विसरलात.”

“काय?”

“होकार नको का?”

रस्ता तापला होता. एक सरडा दगडावरून दगडावर गेला. सरांनी काखेतल्या खोक्यावर हात ठेवला. त्यांना या बाटलीसाठी झालेल्या सगळ्या बैठका आठवल्या, रेवतीबाईंचा आशेने भरलेला चेहरा आठवला. दुकानांतले ते कोपरे आठवले, जिथे उभं राहून त्यांनी पन्नास वर्षं अनोळखी हातांकडे पाहिलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “बाटली चांगली झाली आहे.”

बाबांनी मान हलवली.

“मग दिला.”

सर तसेच उभे राहिले. आनंद झाला होता, पण तो शब्द ऐकायच्या आधीच झाला होता. त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

बाबा मात्र अजून पाहत होते. ते उठून रांजणापाशी आले होते. ओगराळ्याचा दांडा त्यांच्या हातात होता. तो ते उगाच इकडून तिकडे करत होते.

“सर…”

“काय, बाबा?”

“नाही… काही नाही.” बाबांनी रांजणावरची झाकणी सरकवली. पुन्हा बसवली. “चाळीस उन्हाळे झाले. कुणाला विचारलं नाही. माणूस प्यायला, गेला. पण तुम्ही शिकलेले, चार देशांचं पाणी प्यालेले. म्हणून म्हटलं… सकाळी तुम्ही घेतलंत, हात पुसलेत आणि पिशवी उघडलीत. काही बोलला नाहीत.”

वारा पडला होता. कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं.

“सरबत,” बाबा म्हणाले, “बरं झालंय ना?”

सरांनी खोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवलं. वीस पावलं परत आले. बाबांसमोर कमरेत वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

बाबांनी ओगराळं तिरकं केलं. धार पडली, मुळांच्या वासाची, थंड, मातीच्या गोडीची. सर पीत राहिले. एक घोट, दुसरा, तिसरा. या वेळी त्यांना चव लागत होती. सकाळी लागली नव्हती, हे त्यांना आता कळलं.

श्वास घ्यायला ते थांबले. ओंजळ पुन्हा पुढे केली.

दुसऱ्यांदा धार पडू लागली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. काहीतरी सांगायला हवं असं वाटून त्यांनी नजर वर उचलली. ओंजळ ओठांपासून जराशी सुटली…

“बोलू नका,” बाबा म्हणाले. “सांडेल.”